जुळीला घेऊन ट्रॅक्टर बघायला

ट्रॅक्टर बघायला जाताना कुणी एखादा जाणकार सोबत नेतं, कुणी नुसताच उत्साह नेतं. फिरकीच्या आईने कापूस भरलेली एक मुलगी नेली.

ती मुलगी तिने घरीच शिवली होती. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती बेतकाम करायची. दिवसभर लांबलचक टेबलापाशी उभं राहून गळे, खांदे, बाह्या बेतून द्यायची. स्वतःच्या लेकीची मापं तर तिला तोंडपाठ. त्यामुळे कापडी मुलगी उतरली ती हुबेहूब फिरकीच्या अंगलटीची. तेवढीच उंच, तसंच किंचित पुढे आलेलं पोट, तसेच उतरते खांदे. अंगात जुन्या उशांचा कापूस, कणा म्हणून मोडक्या मॉपचा दांडा, तळपायांत वाळू. डोक्याला काळी लोकर, फिरकीच्या केसांसारखीच मानेवर कापलेली. फिरकीच्या पिवळ्या फ्रॉकचं कापड उरलं होतं, त्याचाच हिलाही फ्रॉक. फक्त चेहरा काढायचा तिने टाळला. नाक-डोळे आले असते तर हिला ट्रॅक्टरच्या मागे उभं करायला तिचा हात धजावला नसता.

"ही आमची जुळी," सासूबाईंनी पाहताक्षणी नाव ठेवून टाकलं. "खायला मागत नाही, रात्री उठवत नाही. पहिली अशी झाली असती तर मी तुझं केवढं कौतुक केलं असतं."

"तरी तुम्ही नाकच शोधलं असतंत आई. कुणाकडचं आलंय म्हणून."

"हिला नाकच नाहीये. म्हणजे तुमच्याकडचं."

फिरकीचं खरं नाव दुसरंच होतं, पण पाय फुटल्यापासून ते कुणी वापरलं नव्हतं. चालायला लागली त्या दिवसापासून ती एका जागी अशी ठरलीच नाही. आत्ता स्वयंपाकघरात होती म्हणावं तर जिन्यावर सापडायची. आणि हेच तर सगळ्या दुखण्याचं मूळ होतं.

फिरकीचा बाबा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून त्याला मोकळ्या आभाळाची भूक लागलेली, म्हणून गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतलेला. शेत म्हणावं तर लहान, बाग म्हणावी तर मोठा. थोडी फळझाडं, एक विहीर, एक पत्र्याची खोली आणि बाकी सगळं गवत. पहिला हंगाम त्याने हौसेने हाताने गवत कापलं. शनिवारी गवत कापायचं आणि सोमवारी रुग्णाला "आ करा" म्हणून वाकताना स्वतःच आ करायचा, असं चाललं होतं. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर एका दिवसापुरता बोलावला.

त्याच दिवशी ते झालं. म्हणजे काहीच झालं नाही. चालक पाणी प्यायला उतरला होता. पाणी पिऊन पुन्हा वर चढला, किल्लीला हात घातला. तेवढ्यात सासूबाई बिस्किटाचा पुडा शोधत बाहेर आल्या आणि त्यांना पुडा दिसला तो मागच्या मोठ्या चाकाच्या सावलीत. पुड्याजवळ फिरकी. चाकाला टेकून, मुंग्यांना भुगा वाटत बसलेली. मांजर पिल्लाला उचलतं तसं सासूबाईंनी तिला मानेकडून फ्रॉकला धरून उचललं. चालक घामाघूम झाला. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. मग जेवायला बसले.

फिरकीच्या आईच्या घशाखाली मात्र घास उतरला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस टेबलावर कापड पसरलं की कातरी अर्ध्यात थांबायची. डोळ्यांसमोर चाक फिरायला लागायचं. आणि तिच्या मनातलं ते चाक काही केल्या थांबायचं नाही. सासूबाई बाहेर यायच्याच नाहीत.

"सगळ्यांकडे असतात ट्रॅक्टर," नवरा समजावून सांगायचा. "सगळ्यांची मुलं मोठी होतातच ना?"

"ज्यांची होतात त्यांची होतात," ती म्हणायची. नंतर नंतर त्याने विषय काढणंच सोडलं. एक दिवस जेवताना तो पानातच बघत म्हणाला, "विकून टाकू ती जमीन. गवत काय आपल्यासाठी थांबणार नाही." रागाने म्हणाला असता तर तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. पण तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, आणि तेच तिला लागलं. रुग्ण बघून आल्यावर त्या माणसाचे खांदे कसे उतरलेले असतात आणि त्या गवतात उभा राहिला की कसे सरळ होतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग तिनेच तोडगा काढला. ट्रॅक्टर घ्यायचा, पण ज्याच्या सीटवर बसून मागे उभी असलेली फिरकी दिसेल असाच. तसा मिळाला तर जमीन राहील. नाही मिळाला तर खुशाल विकू.

"पण दिसते की नाही हे बघायला पोरीला चाकामागे उभी करणार तू?" त्याने विचारलं.

त्या आठवड्यात जुळी शिवून झाली.

ट्रॅक्टरच्या दुकानामागे मोठं फरसबंद आवार होतं. एका बाजूला पत्र्याची शेड, तिच्यात टायरचा आणि ताज्या रंगाचा वास. आवारात ट्रॅक्टर ओळीने उभे, धुऊनपुसून, लग्नघरच्या मंडळींसारखे. दुकानातला माणूस हसतमुखाने पुढे आला. गाडीतून आधी पिवळ्या फ्रॉकातली खरी फिरकी उतरली, मग आजी उतरली, मग आईच्या काखेतून पाय लोंबकळत असलेली दुसरी फिरकी उतरली. तेव्हा त्याचं हसू जागच्या जागी राहिलं.

"ही माझी बायको," फिरकीचा बाबा कसनुसा होत म्हणाला. "हिची एक पद्धत आहे."

"असू द्या ना साहेब. गिऱ्हाइकं तितक्या पद्धती." तो सावरला. "पण मॅडम, हिला जरा पाठमोरी उभी करता का? तोंड नाही ना हिला. आमचा वॉचमन आधीच घाबरट आहे."

हे मात्र तिला पटलं. जुळीला ट्रॅक्टरकडे पाठ करून उभं करायचं ठरलं.

पहिला ट्रॅक्टर नवऱ्याच्या मनात केव्हाचा भरलेला. निळा, उंच, मागची चाकं माणसाच्या छातीला लागतील एवढी. मागे जमीन भुसभुशीत करणारं दातेरी यंत्र जोडलेलं.

"याला ताकद बघा साहेब. झाडाचं खोड मुळासकट काढेल."

"मुळासकट काढायचं काम त्याचं तो करतो," सासूबाई म्हणाल्या. "बिनट्रॅक्टरचा."

"आजी, उद्या जमीन वाढली म्हणजे? लहान घेऊन पस्तावाल."

"जमीन म्हणजे काय भिजत घातलेले वाटाणे आहेत का, वाढायला?"

फिरकीची आई पायरी चढून वर बसली. वरून आवार, रस्ता, पलीकडच्या घराच्या गच्चीवरचे कपडेसुद्धा दिसत होते. तिने मान वळवली. मागे चाकावरचे रुंद पत्रे, त्यांच्यामध्ये ते यंत्र. जुळी कुठेच नाही. ती अर्धवट उठली, कमरेतून वळली, तेव्हा कुठे लोकरीचा काळा ठिपका दिसला.

"नाही दिसत," ती वरून म्हणाली.

"आरसा बसवून देऊ, मॅडम."

"आरशात बघायच्या आधी ती निघून गेलेली असते."

दुसरा त्याहून बुटका होता. त्यावरून जुळीचा एक खांदा दिसला, पण ती दोन पावलं डावीकडे सरकवली की गायब. खाली उभी असलेली फिरकी सगळं निरखत होती. आई वर चढते, सगळे गप्प होतात, सगळे तिच्या त्या कापडी बहिणीकडे बघतात, आणि मग आई म्हणते, नाही दिसत. एकदा फिरकीने जाऊन जुळीचा फ्रॉकसुद्धा नीट करून दिला. तरी आई म्हणालीच, नाही दिसत. फिरकीला बिचारीचं वाईट वाटलं असावं. ती आजीला म्हणाली, "मी दिसते."

"तू तर डोळे मिटले तरी दिसतेस बाई," आजी म्हणाली.

नवऱ्याने तोवर खिशात हात घातले होते. ते पाहून ती आवारभर नजर फिरवायला लागली. शेडच्या कोपऱ्यात एक लाल, ठेंगणा ट्रॅक्टर उभा होता. दुकानातल्या माणसाने तो दाखवलाच नव्हता.

"तो कसा आहे?" तिने विचारलं.

"तो होय," माणूस म्हणाला. "तो बागेतला, मॅडम. हौशी लोकांसाठी."

"मग आम्ही कोण आहोत?" सासूबाईंनी विचारलं.

तो लाल ट्रॅक्टर आवारात आला. गवत कापायचं यंत्र त्याच्या पोटाखाली होतं, त्यामुळे पाठ मोकळी. चाकांवरचे पत्रे बसणाऱ्याच्या मांडीच्याही खाली. दाबायला दोन पेडल, एक पुढे जायला, एक मागे. "पाय काढला की थांबतो," माणूस सांगत होता, "आणि गाडी चालू असताना सीटवरून उठलात तर इंजिनच बंद पडतं. सीटखाली बटण आहे. काही लोकांना कटकट वाटते, उतरून फाटक उघडायला गेलं की बंद, परत चालू करा. ते बटण काढूनही मिळतं."

"काढायचं नाही," ती म्हणाली आणि चढली.

मान वळवली तर मागे जुळी. डोक्यापासून वाळूच्या पायांपर्यंत सगळी.

पण एवढ्यावर विश्वास ठेवायला ती तयार नव्हती. "मी मागे घेऊन बघते," ती म्हणाली. "हळूहळू. ती दिसायची कुठे थांबते ते मला कळायला हवं." मोटार ती रोजच चालवायची. माणसाने एकदा पेडल समजावून दिली, आवारात एक चक्कर मारून बघायला सांगितलं, आणि तो बाजूला झाला.

ती चक्कर चालू असतानाच जुळी वाऱ्याने आडवी झाली. सासूबाईंनी तिला उचललं. कमरेतला दांडा सरकला होता. शेडपाशी एक बाकडं होतं, त्यावर बसून जुळीला मांडीवर घेऊन त्या कापूस चेपत बसल्या. फिरकीचा बाबा निळ्या ट्रॅक्टरपाशी रेंगाळला होता, शेवटचं बघून घेत असल्यासारखा. त्याने वळून पाहिलं, आपल्या आईच्या मांडीवर पिवळा फ्रॉक दिसला, काळं डोकं खांद्यावर टेकलेलं. दमली वाटतं पोरगी, म्हणून तो निर्धास्त झाला. सासूबाईंनी मघाशीच फिरकीला त्याचं बोट धरून जाताना पाहिलं होतं, म्हणून त्याही निर्धास्त होत्या. त्या घरात आजवर एकच फिरकी होती. ती एकाच्या हातात असली म्हणजे दुसऱ्याच्या हातात नसायची, एवढं साधं गणित. दुसरी फिरकी घरात आणली तेव्हा ते गणित मोडलं, आणि हे त्यांच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

चक्कर संपवून फिरकीची आई ट्रॅक्टर जागेवर घेऊन आली. मागे वळून पाहिलं. पिवळा फ्रॉक, काळं डोकं, पाठमोरी, हात अंगाला चिकटवून ताठ उभी. जागच्या जागी. तिने मागे जायच्या पेडलवर पाय ठेवला, अगदी अलगद.

ट्रॅक्टर रांगायला लागला. ती मान मागे करून बघत होती. दिसते. अजून दिसते. फ्रॉकच्या मागच्या दोन्ही गुंड्या दिसतात. आणखी थोडं. दिसते.

आणि जुळीने मान वळवली.

तिला चेहरा होता. नाक होतं, सासूबाई ज्याच्यावरून चिडवायच्या तेच नाक. ओठ घट्ट मिटलेले, हसू आवरून धरलेलं. सगळे आता आपल्याकडे बघणार, आई म्हणणार, दिसली.

फिरकीच्या आईला पुढचं नंतर कधीच नीट आठवलं नाही. तिने ब्रेक शोधला नाही, लीव्हर शोधला नाही, माणसाने समजावलेलं एक अक्षर आठवलं नाही. ती फक्त उठली. जशी कुठलीही आई उठेल तशी, अख्खी, एकदम.

इंजिन बंद पडलं.

एवढंच. एक झटका बसला आणि चाक होतं तिथे थांबलं. आवार इतकं शांत झालं की पलीकडच्या रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू आली. चाक आणि फिरकी यांच्यामध्ये एक अख्खी खाट मावली असती.

"मी दिसले?" फिरकीने विचारलं.

आई खाली कशी उतरली कुणास ठाऊक. ती फरशीवर बसली होती आणि फिरकी तिच्या मिठीत होती. "दिसलीस," ती म्हणत होती. "दिसलीस गं. सगळी दिसलीस."

मग सगळे धावले. सासूबाईंच्या काखेत जुळी तशीच होती आणि त्या एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. "तुझ्याकडे होती ना रे," त्या लेकाला म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत बोट धरून गेली."

"तुझ्या मांडीवर होती. मी पाहिली."

"ही होती मांडीवर." त्यांनी जुळीला हातभर लांब धरलं. थोडा वेळ त्या तिच्या कोऱ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "घ्या. राखणीला आणली आणि हिनेच घात करायला घेतला होता." मग गाडीकडे जाऊन त्यांनी जुळीला डिकीत घातलं आणि झाकण चांगलं दाबून बसवलं. परत आल्या त्या पदराने तोंड पुसत.

दुकानातला माणूस पाणी घेऊन आला. फिरकीचा बाबा बायकोशेजारी उकिडवा बसला.

"नको," तो म्हणाला. "आपल्याला ट्रॅक्टर नकोच. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. मीच डोक्यात खूळ घेऊन बसलो. उद्याच जमिनीचं बघतो."

तिने पाण्याचा घोट घेतला. तो घशाखाली उतरला, सहज. तिला त्याचंच नवल वाटलं. ती लाल ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे बघत होती. इतके दिवस मनात फिरत राहिलेलं चाक. आता ते समोर होतं, आणि उभं होतं. जे व्हायचं म्हणून ती दचकून जागी व्हायची, तेच आज भरदिवसा झालं होतं. चाकामागे फिरकी, बघायला कुणी नाही. आणि तिने पाहिलं होतं. आणि ते थांबलं होतं.

"हाच घ्यायचा," ती म्हणाली.

"अगं, आत्ता काय झालं ते—"

"तेच सांगतेय. निळ्यावर असते तर ती मला दिसली नसती. आणि त्या निळ्यावरून मी उठले असते तरी तो चालतच राहिला असता. नाही का हो?"

दुकानातल्या माणसाने मान खाली घातली. "हो मॅडम. त्याला ते बटण नाही."

"पण चूक ट्रॅक्टरची नव्हतीच," नवरा म्हणाला. "आपली होती."

"आपली तर आहेच. म्हणून आपल्याला असा ट्रॅक्टर हवा." हे बोलताना तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं, आणि ती दोन्ही एकदमच करत बसली. फिरकीने आपल्या फ्रॉकने तिचं नाक पुसलं. "आणि आजपासून एक. जो कुणी वर बसेल त्याने आधी विचारायचं, फिरकी कुठे आहे. ज्याच्याकडे असेल त्याने हात धरून दाखवायची आणि सांगायचं, माझ्याकडे. नुसतं फ्रॉक बघून चालणार नाही. उत्तर आलं नाही तर किल्लीला हात लावायचा नाही. दातांच्या डॉक्टरनेसुद्धा."

"मान्य," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "आपली जमीन राहिली म्हणायची."

"राहिली. गवत तूच कापायचंस."

त्याच्या तोंडून जो सुस्कारा बाहेर पडला, तो बहुधा पहिल्या हंगामापासूनचा आत राहिलेला असावा. त्याने फिरकीच्या डोक्यावर हनुवटी टेकली आणि तसाच बसून राहिला. दुकानातला माणूस कागदपत्रं आणायला आत गेला. जाताना निळ्या ट्रॅक्टरकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

आवारात ऊन सरकून शेडपर्यंत आलं होतं. पाहतात तर सासूबाई लाल ट्रॅक्टरच्या सीटवर. साडीचा घोळ गुडघ्यात खोचून, दोन्ही हात सुकाणूवर ठेवून, पाय पेडलपर्यंत पोचतो का ते चाचपत होत्या.

"आई, तू काय करतेस तिथे?"

"बघते. तू दिवसभर दात उपटणार, ही कापड कापणार. चालवणार कोण मग?" त्यांनी किल्लीकडे हात नेला, आणि मध्येच थांबवला. सीटवर वळून त्यांनी मागे सगळीकडे नजर फिरवली, मग हाक दिली. "पोरगी कुठे आहे?"

फिरकीच्या आईने लेकीचं मनगट धरून हात वर उंचावला. ऊबदार, घामेजलेला, चुळबुळणारा हात.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

"मी इथे आहे," फिरकीने स्वतःच्या वतीने भर घातली.

सासूबाईंनी किल्ली फिरवली आणि लाल ट्रॅक्टर हळूच पुढे निघाला.